रंगारी मॅडम डोळे बघतात

माणूस भेटला की कुणी नमस्कार करतं, कुणी जय भीम म्हणतं, कुणी नुसतंच हसतं. रंगारी मॅडम आधी डोळे बघायच्या. समोरच्याच्या नजरेला नजर देऊन बोलावं म्हणतात, ते हे नव्हे. तुमच्या नजरेशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. त्या डोळ्यातली काळी बाहुली बघायच्या, ती केवढी आहे एवढंच. बाहुली नेहमीसारखी दिसली की त्यांचे ताठरलेले खांदे जरा सैल व्हायचे आणि मगच तुमच्याशी बोलणं सुरू व्हायचं. दूधवाला भैया, वर्गणी मागायला आलेली पोरं, आमच्या संस्थेचे संचालक, कुणालाही यातून सुटका नव्हती. माझी मुलगी जन्मली तेव्हा मॅडम लखनऊच्या एका टोकाच्या तेलीबागेतून थेट महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आल्या, पाळण्यावर वाकल्या आणि झोपलेल्या पोरीची पापणी बोटाने अलगद वर करून पाहिली. माझी बायको आठवडाभर मला विचारत होती, ही बाई डॉक्टर आहे की आणखी काही.

मी मूळचा अमरावतीचा. लखनऊच्या एका सरकारी प्रयोगशाळेत एनएमआर नावाचं यंत्र चालवतो. पाण्याच्या टाकीएवढं लोहचुंबक असतं, त्यात रसायनाची बारीक काचनळी सोडायची आणि आत कोणते अणू कसे बसलेत ते पडद्यावर वाचायचं, एवढंच माझं काम. स्वभावाने मी भित्रा. यंत्राची भीती नाही वाटत, लोक त्यात घालायला जे काही घेऊन येतात त्याची वाटते. आणि सगळ्यात जास्त नळ्या यायच्या त्या भंडाऱ्याच्या या डॉ. कुसुम रंगारींच्या. त्या फॉस्फरसची संयुगं बनवायच्या.

हा फॉस्फरस आपल्या हाडांत असतो, पेशीपेशीत असतो, त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही. विषाणूंवरच्या काही औषधांतही तो असतो. पण वेगळ्या शेजाऱ्यांच्या संगतीत बसला की हाच फॉस्फरस माणसाचा श्वास थांबवतो. शेतात मारायची बरीच कीटकनाशकं त्याचीच. मॅडम ज्या औषधी रेणूंच्या मागे होत्या, ते बनवायची जुनी रीत अशाच एका विषारी पदार्थावरून जायची. आधी तो बनवायचा, मग त्याचं रूपांतर औषधात करायचं. त्या पदार्थाला वळसा घालून जाणारी रीत मॅडमना शोधायची होती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्यातच घातली. शेवटची एक पायरी सोडली तर वळसा पुरा झाला होता. त्या एका पायरीसाठी एक लहानशी बाटली अजून लागायची, आणि ती त्यांच्या लॅबच्या कुलूपबंद फ्रीजमध्ये असायची.

त्या विषाची वाफ लागली की बहुतेक वेळा आधी बाहुल्या आकसतात, मोहरीएवढ्या होतात. ज्याला लागली त्याला कळायच्या आत ते समोरच्याला दिसतं. म्हणून डोळे बघायचे. मॅडमच्या लॅबचा दिवसच तिथून सुरू व्हायचा. सकाळी आल्या आल्या सगळ्यांनी खिडकीपाशी उभं राहायचं, प्रत्येकाने दुसऱ्याचे डोळे बघायचे, मग एप्रन चढवायचे. जेवायला जाताना पुन्हा, घरी निघताना पुन्हा. बाकीच्या विभागांतली माणसं खिदळायची. 'रंगारी मैडम के यहाँ नैन-मटक्का चल रहा है,' असं कँटीनमध्ये मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. मॅडमच्याही कानांवर ते गेलं होतं. त्या म्हणाल्या, "हसू दे नं बाप्पा. हसणाऱ्याचे डोये चांगले असतात."

भित्र्या माणसांवर त्यांचा फार जीव. माझ्याशी त्यांचं जमलं ते त्यामुळेच, नाहीतर माझ्यात घेण्यासारखं दुसरं काही नाही. पीएचडीला मुलं घेताना त्या एकच प्रश्न विचारायच्या, कशाची भीती वाटते? कुणी छाती काढून 'किसी चीज़ से नहीं डरता, मैम' म्हणालं की त्याला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. जुन्या शहरातून आलेल्या निदाने बराच विचार करून सांगितलं होतं, "छिपकली से, मैम. और अम्मी से." तिला मॅडमनी त्याच दिवशी घेतलं.

निदा हुशार, लाघवी आणि तोंडाने गोड. त्या फ्रीजमधल्या बाटलीचं नाव तिने 'बेगम साहिबा' ठेवलं. "सर, आज बेगम साहिबा तशरीफ़ ला रही हैं," असं माझ्या खोलीत येऊन ती सांगायची आणि मी दोन पावलं मागे सरकायचो. मॅडमनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. निदाला त्या रागावल्या नाहीत. मला मात्र नंतर म्हणाल्या, "विलास, लाडाचं नाव दिलं ना, की माणूस तिच्याशी सलगी करते. मले हे बरं नाही वाटून राहिलं." त्यांनी स्वतः त्या पदार्थाला कधी नाव दिलं नाही. त्या नुसतं 'ते' म्हणायच्या.

हे सगळं मला बरेच दिवस शिस्तीचा भाग वाटत होतं. त्याच्या तळाशी काय आहे ते मला छावणीत कळलं. लखनऊच्या छावणीत फौजेतली मराठी कुटुंबं पुष्कळ, आणि एका संक्रांतीला त्यांनी शहरातल्या मराठी लोकांना तिळगूळ घ्यायला बोलावलं होतं. मेसच्या हिरवळीवर दुपारचं कोवळं ऊन पडलेलं, पोरं एकमेकांशी हिंदीत भांडतायत, बायका साताऱ्या-कोल्हापूरच्या गप्पा मारतायत, असं सगळं छान चाललेलं. एका निवृत्त सुभेदार मेजरांनी मॅडमच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मॅडम तशाच थिजल्या.

"तुम्ही आज काही फवारलं का? बागेत? घरात ढेकणांसाठी, झुरळांसाठी काही?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"नाही बा. का हो ताई?"

"छाती भरल्यासारखी वाटते? तोंडाला पाणी सुटून राहिलं?"

सुभेदार मेजर गोंधळले. त्यांच्या बायकोला काय वाटलं कोण जाणे, ती लगबगीने मध्ये आली. मॅडम एकावर एक प्रश्न विचारत राहिल्या. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, ते काचबिंदूचे थेंब घालतात ना डोळ्यांत, त्यानं बारीक दिसतात बाहुल्या. डॉक्टरांनीच सांगितलंय."

मॅडम हसल्या, माफी मागितली आणि तिथेच गवतावर खाली बसल्या. मी पाणी घेऊन गेलो तर पेला तिरका झाला तरी त्या सुभेदार मेजरांकडेच बघत होत्या. पाणी साडीवर सांडलं. इतक्या वर्षांचा सराव असलेली बाई एका अनोळखी माणसासाठी एवढी हादरलेली बघून मीच घाबरलो.

पुढच्या रविवारी त्यांनी मला तेलीबागेतल्या घरी जेवायला बोलावलं. मिस्टर रेल्वेत, ते दौऱ्यावर होते. आम्ही अंगणात मटर सोलत बसलो होतो. सोलता सोलता त्यांनी सांगितलं की त्यांचा मोठा भाऊ दुसऱ्याच्या धानावर मजुरीने फवारणी करायचा. एक दिवस तो घरी आला तो झोकांड्या खात, तोंडातून लाळ गळत. लोक म्हणाले, पिऊन आला. मॅडम तेव्हा शाळेत होत्या. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं तर दादाच्या डोळ्यांतलं काळं जवळजवळ नाहीसं झालेलं. त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, दादाचे डोळे बघा. वैद्याला सांगितलं, सरपंचाला सांगितलं. पोरीचं कोण ऐकतंय? त्याला झोपू द्या, उतरेल, असं सगळे म्हणाले. तो उठलाच नाही.

"मी तेव्हापासून भिऊन राहिली," त्या म्हणाल्या आणि शेंगांची सालं पदरात गोळा करायला लागल्या. मीही सालं गोळा केली.

यानंतर दोन हिवाळ्यांनी ते घडलं. लखनऊचा डिसेंबर म्हणजे सकाळी समोरचं झाड दिसत नाही, आणि अख्खं शहर नाक ओढत फिरत असतं. मॅडमच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. शेवटच्या पायरीचे प्रयोग जोरात चालले होते. बाटली बाहेर निघाली की दोघांनी मिळूनच काम करायचं असा नियम होता, आणि त्या दिवशी निदाच्या जोडीला मॅडम स्वतः होत्या. पण ऐन वेळी त्यांना संचालकांच्या बैठकीला बोलावलं. निदाने वाट पाहिली, मग मॅडम येईपर्यंत निम्मं काम उरकून ठेवावं म्हणून हूड सुरू केला आणि बाटली उघडली. हूड म्हणजे पुढे काच असलेलं कपाट, त्यातली वाफ पंखा वर ओढून बाहेर फेकतो. मोटर घरघरत होती. आतला पट्टा तुटलेला आहे आणि पंखा फिरतच नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

दुपारी ती त्याच कामाच्या नळ्या घेऊन माझ्याकडे आली. नाक वाहत होतं. नळीवरची चिठ्ठी वाचायला तिने नळी हात लांब करून धरली, तरी तिला वाचता येईना.

"काय, चष्मा लागला वाटतं?" मी विचारलं.

"नहीं सर, सुबह आँख वाले डॉक्टर ने दवा डाल दी थी. कई दिनों से पास का धुंधला दिख रहा था ना. मैम को मत बताइएगा, पता चलता तो आज छुट्टी दे देतीं."

म्हणजे सकाळच्या डोळे बघण्याला ती नव्हतीच. दवाखान्यातून उशिरा आली, मॅडम तेव्हा बैठकीला निघायच्या घाईत होत्या. मी हसलो. पोरीची कामाची तळमळ मला कौतुकाची वाटली. तिने नळ्या ठेवल्या, स्टुलावर बसली आणि म्हणाली, छातीत जरा जड जड वाटतंय. एवढ्यात मॅडम बैठक संपवून आल्या. निदाकडे बघताच सवयीने तिच्या हनुवटीला बोट लावून त्यांनी तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. बाहुल्या चांगल्या टपोऱ्या दिसत होत्या.

"सर्दी है तुझे," मॅडम म्हणाल्या. खांदे सैल झाले. "घर जा, अम्मी से काढ़ा बनवा ले. कल मत आना."

निदा स्कूटीची किल्ली शोधत दाराकडे निघाली. मी पडद्याकडे वळलो. आणि तसाच पुन्हा मागे फिरलो. बाहुली लहान दिसली की मॅडम शंभर प्रश्न विचारायच्या. मोठी दिसली की एकही नाही, मोठी म्हणजे सुटका. पण डोळे तपासायला जे औषध घालतात त्याने बाहुली मोठी होते आणि तासन्‌तास तशीच राहते. विष लागलं असतं तरी ती आकसली नसती. मी भौतिकशास्त्राचा माणूस, मला एवढं कसं सुचलं ठाऊक नाही. भीतीनेच सुचलं असणार.

"मॅडम," मी म्हणालो, "तिच्या डोळ्यांत सकाळी औषध घातलंय."

माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. मॅडमनी धावत जाऊन निदाचा हात धरला. तळहात घामाने ओला होता, त्या थंडीत. ओठांच्या कडेला लाळ जमा होत होती आणि ती पुन्हा पुन्हा गिळत होती. दंडावरची कातडी आपोआप थरथरत होती. मॅडमनी तिची नाडी धरली आणि मला नुसतं "गाडी" एवढं म्हणाल्या. निघण्याआधी त्यांनी तिचा एप्रन आणि स्वेटर काढून बाहेर फेकला, स्वतःची शाल तिला गुंडाळली.

मोठ्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने टॉर्च मारला आणि मान हलवली. "ज़हर होता तो पुतलियाँ छोटी होतीं, मैडम. ये तो फैली हुई हैं. घबराहट है, या कुछ और खाया है."

आयुष्यभर ज्या खुणेवर जीव टाकला तिच्याच विरुद्ध मॅडमना बोलावं लागत होतं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

"डॉक्टर साहब, आँखें मत देखिए," त्या म्हणाल्या. "आँखें आज झूठ बोल रही हैं. सवेरे दवा पड़ी है. आप नब्ज़ देखिए, कितनी धीमी है. छाती सुनिए. मैं तीस बरस से इसी चीज़ के साथ काम करती हूँ, मुझे मालूम है इसको क्या हुआ है. हाथ जोड़ती हूँ, मेरी बात सुन लीजिए."

आणि त्यांनी खरोखर हात जोडले. त्या तरुण डॉक्टरने टॉर्च खिशात ठेवला. मग त्याने निदाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, ऐकलं, आणि नर्सला इंजेक्शन आणायला ओरडला. त्या ओरडण्याने मला रडू आलं. कुणीतरी ऐकलं होतं.

संध्याकाळपर्यंत धाकधूक होती. निदाची अम्मी आली, बाकावर बसून तसबीहची माळ ओढू लागली. मॅडम तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं, काहीही लपवलं नाही. "ग़लती मेरी है," म्हणाल्या. अम्मी माळ ओढत राहिली, पण उठून गेली नाही. अंधार पडायच्या सुमाराला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, अब खतरे से बाहर है. अम्मीने मॅडमचा हात धरला. दोघी तशाच बसून राहिल्या. मॅडमना उभं राहता येत नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांना गाडीपर्यंत मी आणि एका वॉर्डबॉयने धरून नेलं.

पुढे चौकशी झाली, पट्टा सापडला, हूड दुरुस्त झाला. निदा बरी होऊन कामावर आली. ती शेवटची पायरी निराळ्या मार्गाने सोडवायची असं ठरलं, आणि ते काम आता तीच करते. बाटली मात्र नष्ट करायची होती. बाहेरच्या कंपनीला देऊ या, असं संचालक म्हणाले. मॅडमनी ऐकलं नाही. ते मी आणलं, मीच निपटवीन, म्हणाल्या. आणि जोडीला कुणाला आत घ्यायलाही त्यांनी नकार दिला. नियम त्यांचाच होता. मी त्यांना त्याची आठवण करून दिली.

"दुसरा माणूस तू आहेस नं," त्या म्हणाल्या. "पण काचेच्या बाहेर. मी पाठमोरी असेन, तोंडावर मास्क असेल, तुला माझं काही दिसणार नाही. म्हणून मी मधून मधून हात वर करीन. हात आला नाही तर आत पाऊल टाकायचं नाही. फोन करायचा. शपथ आहे तुले."

लॅब रिकामी केली होती. मी दाराच्या काचेला नाक लावून फोन मुठीत धरून उभा होतो, नंबर आधीच लावून ठेवलेला. आत त्या हूडपुढे उभ्या, लहानखुऱ्या, एप्रनमध्ये हरवलेल्या. काम संथ चाललं होतं. थोड्या थोड्या वेळाने डावा हात खांद्यापर्यंत वर जायचा आणि मी श्वास सोडायचो. एकदा बराच वेळ हात आला नाही. त्या पुढे वाकल्या होत्या. काच धुरकटली होती माझ्याच श्वासाने, ती मी बाहीने पुसली. मी मनात सगळ्यांची नावं घेतली, बाबासाहेबांपासून माझ्या मेलेल्या आजीपर्यंत. अंगठा बटणावर टेकला तेवढ्यात हात वर गेला. मग मी भिंतीला टेकून चक्क खाली बसलो.

त्या बाहेर आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मास्कचे वळ गालांवर उमटले होते. मी त्यांचे डोळे बघितले, त्यांनी बघू दिले. मग हात धुतले, कपडे बदलले, एप्रन घडी करून कपाटात ठेवला. निवृत्तीला महिना होता, पण उरलेली रजा त्यांनी त्याच दिवसापासून टाकली होती. भंडाऱ्याला जायचं तिकीट काढलेलं होतं. सोडायला येतो म्हणालो तर म्हणाल्या, "कशाला, फाटकापर्यंत तर जायचं आहे. मिस्टर आले आहेत घ्यायला."

मी पायऱ्यांवर उभा राहिलो. संध्याकाळचं धुकं जमिनीवरून वर यायला लागलं होतं. शाल ओढून त्या फाटकाच्या रस्त्याने चालायला लागल्या. झाडांपाशी त्या अंधुक झाल्या, आणि मला उगाचच वाटलं की पाय अडखळला. तेवढ्यात मागे न वळता त्यांनी डावा हात खांद्यापर्यंत वर केला आणि खाली घेतला. त्या दिसेनाशा झाल्या. मोटार सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन मुठीत धरून तिथेच उभा होतो.